आधी अंग बघा, मग नाव विचारा

केळशीच्या खडपावर ओहोटीला फिरताना किंवा मालवणला डायव्हिंग करताना बोटाएवढा, शंख नसलेला, जांभळा-पिवळा मऊ जीव दिसला की हात आपोआप पुढे जातो. मग एक धूसर फोटो ओळखीपाळखीत फिरतो, 'हे काय आहे?' माझी विनंती आहे, हात मागे घ्या. फोटो मात्र जरूर काढा, आणि असा काढा की जाणकाराला नाव सांगता येईल.

हा जीव बहुधा समुद्री गोगलगाय असतो. भारजा नदीच्या गाळाने केळशीचं पाणी गढूळ होतं, त्यामुळे इथे बुडी मारण्यापेक्षा अमावास्या-पौर्णिमेची मोठी ओहोटी कामाची. पावसाळा सरल्यावर, पुळण संपून कातळ सुरू होतो तिथल्या डबक्यांत बघा. कालवं काढायला जाणाऱ्या बायकांना आधी विचारा. कुठल्या खडपाखाली काय असतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. दगड उलटवलात तर तो पुन्हा तसाच ठेवा, कारण त्याच्या सावलीत राहणारे जीव उन्हात मरतात. आणि भरती कधी लागते ते घरून निघतानाच बघून ठेवा.

रंगावर भिस्त ठेवू नका. एकाच जातीत रंग बदलतात, पिल्लं वेगळी दिसतात, आणि कित्येक वेगळ्या जाती एकसारखी नक्षी मिरवतात. शिवाय खोल पाण्यात लाल रंग आधी विरतो, म्हणून डायव्हिंग करताना टॉर्च लावून फोटो घ्या. खरी ओळख अंगावर असते. डोक्यावर दोन शिंगं दिसतील. त्यांनी गोगलगाय वास घेते. ही शिंगं गुळगुळीत आहेत की वळ्यावळ्यांची, हे जवळून टिपा. मग पाठ बघा. मागच्या बाजूला फुलासारखा कल्ल्यांचा झुपका असेल तर तो एक गट, पाठभर बोटांसारखे कोंब असतील तर दुसरा. कडेच्या रेषा किती, कुठला रंग बाहेर आणि कुठला आत, तेही फोटोत येऊ द्या. शिंगं नाहीत, कल्ले नाहीत, कागदासारखं पातळ अंग दगडावरून सरकतंय, तर तो चपटा कृमी असण्याची शक्यता जास्त.

गोगलगाय कशावर बसली आहे हे बहुतेक जण फोटोतून कापून टाकतात, आणि तिथेच अर्धी माहिती जाते. यातल्या कित्येक जाती ठरावीक स्पंज किंवा ठरावीक हायड्रॉइडच खातात. शेजारी अंड्यांची गुंडाळलेली फीत असेल तर तीही घ्या. जीव पाण्याबाहेर काढू नका. बाहेर तो नुसता गोळा होतो, कल्ले आत जातात, ओळखायला काही उरत नाही.

बाटलीत भरून आणण्याचा मोहही टाळा. स्पिरिटमध्ये यांचा रंग उडतो. १८६४ साली ऑल्डर आणि हँकॉक यांनी वॉल्टर इलियट यांच्या भारतातल्या संग्रहातल्या गोगलगायींचं वर्णन छापलं, तेव्हा त्यांना नमुन्यांइतकाच सोबतच्या रंगीत चित्रांचा आधार होता. आज ते काम तुमचा मोबाइल करू शकतो. विशाल भावे आणि दीपक आपटे यांनी २०११ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) नियतकालिकात रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावरच्या याच जीवांचा आढावा घेतला आहे. म्हणजे आपल्या किनाऱ्याची नोंद सुरू झालेली आहे, ती वाढवायला माणसं हवीत.

एका जीवाबद्दल मात्र सक्त सांगणं आहे. पावसाळी वाऱ्याने पुळणीवर निळा, पंखांसारखे फाटे असलेला, जेमतेम दीड इंचाचा जीव वाहून आलेला दिसू शकतो. तो ग्लॉकस, हीसुद्धा समुद्री गोगलगायच. निळ्या फुग्याच्या फिजेलियाला खाऊन ग्लॉकस तिचे डंख स्वतःच्या अंगात साठवते. मेलेली वाटली तरी हात लावू नका. मुलांना हे आधीच सांगून ठेवा.

फोटो आयनॅचरलिस्ट या जीवांच्या नोंदींच्या अ‍ॅपवर टाका. अ‍ॅपने चुटकीसरशी सुचवलेलं नाव लगेच पक्कं धरू नका. 'हायप्सेलोडोरिस' हे जीनसचं नाव इतकंच कळलं आणि पुढची जात ठरली नाही, तर तेवढंच लिहून थांबा. अंदाजाने भरलेलं नाव पुढच्या माणसालाही चुकवतं. सोबत तारीख, ओहोटीची वेळ, पाण्याची खोली आणि अंगाची लांबी लिहा. आणि ठिकाण लिहिताना नुसतं 'कोकण' लिहू नका, 'केळशी' लिहा, आणि खडपाला गावात नाव असेल तर तेही.