पाव काढला, त्याची कामं उरली

सौदीतल्या अल खोबरच्या मोठ्या सुपरमार्केटात चीज आणि मांसाच्या काउंटरवर बस्तुर्मा आणि पास्त्रामी शेजारी शेजारी मांडलेले दिसतात. दोघं एकाच घराण्यातले. मीठमसाला चोळून मांस सुकवायची अनातोलियातली जुनी रीत म्हणजे बस्तुर्मा. ऑटोमन काळात ती रुमानियात रुजली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या ज्यू कुटुंबांबरोबर न्यूयॉर्कला पोचली आणि तिथं धुरी देऊन, वाफवून तिची पास्त्रामी झाली. तयार मांस, चीज आणि लोणची विकणारी तिथली दुकानं म्हणजे 'डेली'. राय ब्रेडच्या दोन स्लाइसमध्ये मांसाची चळत घालून द्यायची हा त्यांचा शिरस्ता. न्यूयॉर्कचं कॅट्झ हे असलं दुकान १८८८ पासून चालू आहे.

या दुकानांतलं नावाजलेलं सँडविच म्हणजे रूबेन. राय ब्रेड, खारवलेलं बीफ, स्विस चीज, आंबवलेला कोबी, रशियन ड्रेसिंग आणि वरून तव्यावरचा खरपूसपणा. त्याचा जन्म न्यूयॉर्कचा की नेब्रास्कातल्या ओमाहाचा, हा वाद अजून मिटलेला नाही. बीफऐवजी टर्की घातली की त्याला बऱ्याचदा रेचल म्हणतात. आमच्याकडे बीफ येत नाही, म्हणून आमच्या घरात नांदते ती रेचल. इथल्या काउंटरवर टर्कीची पास्त्रामी सहज मिळते.

माझा नवरा जुबैलच्या कारखान्यात आहे. पहाटे बसमध्ये बसायचं, दुपारी मिळेल त्या वेळात उभ्या उभ्या खायचं. अशा माणसाला सँडविच म्हणजे वरदान. ताट नको, चमचा नको, एका हातानं काम भागतं. मग रक्तातली साखर वाढली आणि डॉक्टरांनी भात, पाव, खुब्झ म्हणजे इथली अरबी रोटी कमी करायला सांगितलं. घरी येऊन त्यानं विचारलं, "अगं, पाव काढला तर सँडविचमध्ये उरतं काय?" प्रश्न वैतागून विचारलेला होता, पण मला तो नेमका वाटला. आजही मी स्वयंपाकघरात त्याचंच उत्तर देत असते.

पाव सोडायला सांगणं सौदीत सोपं नाही. इथं प्रत्येक वस्तीत बेकरी आहे आणि गरम खुब्झ अजून स्वस्त आहे. उरलेली रोटी लोक कचऱ्यात टाकत नाहीत. पिशवीत भरून कचरापेटीच्या बाजूला वेगळी टांगून ठेवतात, कुणीतरी जनावरांसाठी नेतं. पानात टाकू नये हे ऐकत वाढलेल्या मला हा देश पहिल्यांदा आपला वाटला तो त्या पिशव्यांमुळं. पावासाठी या देशानं वाळवंटसुद्धा नांगरलं. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून सरकारनं गव्हाला भरघोस भाव दिला, जमिनीखालचं हजारो वर्षांपूर्वीचं पाणी उपसून गोल गोल शेतं पिकवली आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्पादन ४० लाख टनांवर नेलं. गहू चक्क निर्यात झाला. ते पाणी पुन्हा भरणारं नव्हतं. म्हणून २००८ पासून देशी गव्हाची खरेदी टप्प्याटप्प्यानं घटवत २०१६ पर्यंत थांबवली. आता बहुतेक गहू बाहेरून येतो, पण जेवणातलं खुब्झचं स्थान हललेलं नाही.

आणि साखरेचं दुखणं घरोघरी आहे. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार सौदीत दर सहा प्रौढांमागे किमान एकाला मधुमेह आहे. भारतात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनं मधुमेहींचा आकडा १० कोटी १० लाखांवर नेला. सौदी सरकारनं २०१७ मध्ये शीतपेयांवर ५० टक्के कर लावला, २०१९ पासून हॉटेलांच्या मेनूवर उष्मांक छापायला लावले. पण घरातलं ताट घरानंच बदलायचं असतं.

हिशेब साधा आहे. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण १५ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे सँडविचच्या दोन स्लाइसमध्ये ३०. कोबीच्या एका मोठ्या पानात एक-दोन ग्रॅम. मांस, चीज, अंडं यांत नावापुरती. एवढं कळल्यावर बहुतेक जण आतलं सारण लेट्यूसच्या पानात गुंडाळतात, एकदा खातात आणि पुन्हा पावाकडं वळतात. दोष त्यांच्या मनाच्या दुबळेपणाचा नसतो. पाव काढताना तो तिथं कोणकोणती कामं करत होता, याचा विचार झालेला नसतो.

पावाचं पहिलं काम धरण्याचं. लेट्यूसचं पान सकाळी कुरकुरीत असतं, दुपारी डब्यात मान टाकतं. कोबी टिकतो. इथं भाजीबाजारात एक मोठा, पसरट, चपटा कोबी मिळतो. सीरियन, लेबनानी, इजिप्शियन बायका भात आणि खिमा भरून त्याच्या गुंडाळ्या करतात. सुरीनं मधला दांडा कोरून काढायचा आणि अख्खा गड्डा बिनमिठाच्या उकळत्या पाण्यात सोडायचा. पाच-सात मिनिटांत वरची पानं सैल होतात, एकेक अलगद उचलायची. पुढचं काम अळूवड्या करणाऱ्या कुठल्याही मराठी बाईला शिकवायला नको: पान पालथं घालून जाड शीर सुरीनं तासून सपाट करायची, पान फडक्यानं कोरडं टिपायचं, आधी दोन्ही बाजू आत घ्यायच्या आणि मग घट्ट गुंडाळत जायचं. बटरपेपरात करकचून बांधलं की दुपारपर्यंत उलगडत नाही.

दुसरं काम ओल शोषण्याचं. ड्रेसिंगचं पाणी, कोबीचा रस, चिकनचा ओलावा, हे सगळं पाव मुकाट्यानं पितो. पान पीत नाही. सगळं मनगटावर ओघळतं. म्हणून ओल आधीच काढायची. आंबवलेला कोबी मुठीत धरून पार पिळायचा. ड्रेसिंग मेयोनेज आणि केचपचं करायचं नाही, शिवाय केचपमध्ये साखर असतेच. घरी टांगलेल्या दह्याचा चक्का घ्यायचा. त्यात मोहरी पेस्ट, बारीक चिरलेली लोणच्यातली काकडी, बोटभर टोमॅटो पेस्ट आणि थोडी काश्मिरी मिरची. चमच्यावरून पडू नये इतकं घट्ट हवं. चीजची स्लाइस कोरड्या नॉनस्टिक तव्यावर टाकायची, कडा जाळीदार आणि तांबूस झाल्या की उलथन्यानं उचलून थेट पानावर पसरायची. गार होता होता ती कडक होते आणि पान नि सारण यांच्यात भिंत उभी राहते. तव्यावरचा खरपूसपणाही पावाबरोबर गेला होता, तो असा परत येतो.

तिसरं काम फार कमी जणांच्या ध्यानात येतं: खारटपणा झेलण्याचं. पास्त्रामी खारट, आंबवलेला कोबी खारट, लोणचं खारट. राय ब्रेडच्या दोन स्लाइस त्यावर उतारा असतात. त्या काढल्या की तेच सारण जिभेला झोंबतं, आणि साखरेबरोबर रक्तदाबही असलेल्या माणसाला ते घातकच. म्हणून पिळण्याआधी कोबी गार पाण्यानं धुवायचा. पास्त्रामी निम्मी करायची; उरलेल्या निम्म्यासाठी घरी भाजलेल्या बिनमिठाच्या चिकनचे पातळ काप घ्यायचे. चीज स्विसच ठेवायचं, कारण बहुतेक चीजपेक्षा त्यात मीठ कमी असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये खारवलेलं, धुरवलेलं मांस कर्करोगकारक ठरवलं आहे, तेव्हा पास्त्रामी आठवड्यातून एखाद्या दिवशीच. बाकीचे दिवस नुसतं चिकन किंवा अंड्याचं पातळ आम्लेट.

शेवटचं काम वासाचं. राय ब्रेडचा म्हणून जो वास आपल्या डोक्यात बसलेला असतो, त्यातला मोठा हिस्सा खरं तर शहाजिऱ्याचा असतो; अमेरिकन डेलीच्या राय ब्रेडमध्ये ते सढळ हातानं घालतात. खोबरच्या मसाल्याच्या दुकानात ते 'करावया' नावानं मिळतं. चमचाभर शहाजिरं मंद आचेवर भाजायचं, भरड कुटायचं आणि पिळलेल्या कोबीत मिसळायचं. पहिल्या घासाला नवरा थांबला आणि म्हणाला, "यात ब्रेड घातलायस का?" रेचल जमली याची मला मिळालेली ही सगळ्यात पक्की पावती.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायची. ज्यांना इन्सुलिन किंवा साखर वेगानं उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी पाव-भात एकदम बंद करू नये. औषधाचा डोस तोच राहिला तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. काही नव्या गोळ्यांबरोबर कर्बोदकं फारच कमी केली तर वेगळा धोका असतो. आधी डॉक्टर, मग कोबी. आणि उभ्या उभ्या खाणाऱ्याला पोट भरल्यासारखं वाटायला हवं, म्हणून बरोबर मूठभर बदाम किंवा एक उकडलेलं अंडं द्यावं. नाहीतर चार वाजता कँटीनचं बिस्किट आहेच.

महाराष्ट्रात आज पथ्याला तोटा नाही. दोन वेळाच जेवा, भात सोडा, गहू सोडा, ज्वारी धरा, अशी चर्चा दर लग्नाच्या पंगतीत ऐकू येते. या सगळ्यात काय काढायचं ते सांगणारे भरपूर भेटतात; काढलेल्या जागी काय आणि कसं ठेवायचं, ते काम मुकाट स्वयंपाकघरावर येऊन पडतं. ते काम बुद्धीचं आहे, कष्टाचं आहे आणि औषधाइतकंच महत्त्वाचं आहे. पथ्य बहुतेक वेळा मोडतं ते चवीच्या ओढीनं नाही, तर ताटातल्या रिकाम्या जागेमुळं. भाताशिवाय आमटी फिकी का लागते, पोळीशिवाय भाजी तेलकट का वाटते, हे एकदा शांतपणे शोधलं की त्या त्या पदार्थाचं मीठ, तेल, आंबट कसं बदलायचं ते आपोआप सुचतं.

आमच्याकडे आता शुक्रवारी दुपारी सगळ्यांसाठी हेच होतं. मुलं वाढत्या वयाची, त्यांच्यासाठी बाजूला खुब्झ असतो. पण पानातली गुंडाळी त्यांनाही मिळते आणि ती बाबांची खास म्हणून वेगळी काढलेली नसते. ज्या घरात एकाला साखर आहे, तिथं त्याचा डबा इतरांच्या जेवणाइतकाच मन लावून करावा आणि तो घरातल्या सगळ्यांनी मिळून खावा, एवढंच माझं मागणं आहे.