आधी वाडी वाचवा!

कामगार बंधूंनो,

मंचरहून भीमाशंकरच्या वाटेला लागलं की घोडेगाव, डिंभे मागे पडतं आणि वर डोंगरात तळेघर लागतं. याच तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचा बाबू गेनू मुंबईच्या गिरणीत राबला. 12 डिसेंबर 1930 रोजी परदेशी कापडाच्या लॉरीपुढे आडवा झाला आणि चिरडला गेला. डिंभे धरणाच्या जलाशयाला आज त्याचं नाव आहे. नाव गिरणी कामगाराचं, पण पाणी कुणाचं? घोड नदी अडवली तेव्हा जुनं आंबेगाव बुडालं, महादेव कोळ्यांची भातखाचरं बुडाली. पाणी कालव्यानं शिरूर-श्रीगोंद्याकडे गेलं. जाऊ दे, तेही आपलेच शेतकरी, त्यांच्याशी आमचं भांडण नाही. आमचा सवाल सरकारच्या तिजोरीला आहे. ज्यांनी जमीन दिली, त्यांच्या वाडीवस्तीचा आकडा तिजोरीच्या हिशेबात कुठल्या पानावर येतो?

माळीण आठवा. 30 जुलै 2014 ची सकाळ. डोंगर खाली आला आणि दीडशेहून अधिक माणसं चिखलात गेली. गाव जागेवर नाही, हे आधी कळलं ते एस.टी.च्या ड्रायव्हरला! मग मोटारी आल्या, मंत्री आले, धनादेश आले. कुणी पडकईच्या कामाला दोष दिला, कुणी पावसाला. आमडे इथं नवं माळीण उभं राहिलं, 2 एप्रिल 2017 ला घरं ताब्यात मिळाली, आणि त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात रस्ते खचले, तडे गेले. जांभोरीची काळवाडी, पोखरीची बेंढारवाडी अशी धोक्याच्या वाड्यांची नावंही कागदावर चढली. पण 19 जुलै 2023 च्या रात्री रायगडात इर्शाळवाडी गाडली गेली, तेव्हा या वाड्यांचं पुनर्वसन कधी, हाच प्रश्न वर्तमानपत्रं पुन्हा विचारत होती. नऊ वर्षं!

म्हणे पैसा नाही. मग 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाला सुमारे 55 हजार कोटी कुठून आले? रस्ता नको असं आम्ही म्हणत नाही; रस्त्यानंच आजारी माणूस दवाखान्यात पोचतो. पण महामार्गाला टोलनाका बसवता येतो, म्हणून त्याला कर्ज मिळतं. काळवाडीच्या तोंडावर टोलनाका बसत नाही, एवढाच तिचा गुन्हा.

हा हिशेब आम्हा गिरणीवाल्यांना नवा नाही. 1982 च्या संपानंतर गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं ते आम्ही पाहिलंय. 1991 च्या नियमात घरांसाठी ठरलेला वाटा 2001 च्या दुरुस्तीत आटला. वर टॉवर गेले, कामगार यादीत राहिला. 106 हुतात्म्यांच्या रक्तावर 1 मे 1960 ला हे राज्य झालं. त्याची तिजोरी आमची नाही काय?

आमचं मागणं साधं आहे. धोक्याच्या वाड्यांसाठी अंदाजपत्रकात वेगळी रक्कम धरा. नवी जागा भूगर्भ जाणणारे आणि गावकरी एकत्र बसून ठरवू देत. ठेकेदाराच्या सोयीनं नको. आणि काम मृगाच्या आधी पुरं करा, पंचनाम्यानंतर नव्हे. गावी जाल तेव्हा आपल्या वाडीचं नाव घालून ग्रामसभेत ठराव करून घ्या. एक प्रत घोडेगावला तहसीलदाराकडे द्या, पोच घ्या, दुसरी आमच्याकडे आणा.