जुन्या मोटारीचें कुजकें अस्तर

सातारा-सांगलीच्या मुलुखास यंत्राचा आवाज नवा नाहीं. इ. स. १९१० सालीं कै. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं कुंडल रोडच्या माळावर कारखाना घातला. पुढें कृष्णाकांठीं मळ्यामळ्यांतून तेलाचीं इंजिनें पाणी ओढूं लागलीं. इंजिनाचा ठेका चुकला कीं जाणता मळेकरी हातांतलें काम टाकून उठतो. कारण आवाज ही यंत्राची नाडीच होय. ही गोष्ट मनांत ठेवून जुन्या मोटारींसंबंधीं चार शब्द येथें लिहीत आहें.

पसरणीच्या घाटानें पांचगणीकडे जाणाऱ्या हौशी गृहस्थांच्या जुन्या स्पोर्ट्स मोटारी कधीं कधीं आपल्या दृष्टीस पडतात. त्यांचा बाहेरचा रंग आरशासारखा लखलखत असतो. परंतु इंजिनाच्या कप्प्यांत डोकावून पाहणारे थोडे. इंजिनाचा गोंगाट व धग बसणाऱ्यांपर्यंत पोहोंचूं नये म्हणून त्या कप्प्याच्या भिंतीस नमद्याचें किंवा स्पंजासारख्या फोमचें अस्तर चिकटविलेलें असतें. उष्णता, तेल आणि काळ या तिघांपुढें तें टिकत नाहीं. तीस-चाळीस वर्षांत त्याचा चिकट भुगा होतो, आणि जें रक्षणासाठीं लाविलें तेंच घाताला कारण होतें.

उदाहरणार्थ, इ. स. १९६३ सालीं प्रथम लोकांपुढें आलेली जर्मनीची पोर्शे ९११ ही मोटार घ्या. हिचें इंजिन मागच्या बाजूस असून तें थंड ठेवण्याचें काम पूर्वीं एका मोठ्या पंख्याच्या वाऱ्याकडे होतें. कुजलेल्या अस्तराचे तुकडे गळून त्या पंख्यांत ओढले गेले, तर सिलिंडरांवरील पाखांच्या फटी बुजतात व इंजिन अधिक तापूं लागतें. शिवाय तेल प्यालेला फोम म्हणजे पेट घेण्यास टपलेली चिंधीच! ओल धरून तो खालच्या पत्र्यास गंज चढवितो, तो वेगळाच.

असें असतां पुष्कळ ठिकाणीं काय करतात? जुन्यावरच नवें अस्तर डकवून देतात. ठिगळाचा दृष्टांत आपण प्रार्थनेच्या वेळीं ऐकलेला आहे. तो येथें अक्षरशः लागू पडतो. कुजक्या पायावर नवें टिकत नाहीं, आणि आंतला गंज अधिक झांकला जातो तो निराळाच. कोणी म्हणतील, "मूळचें अस्तर काढल्यास गाडीचा अस्सलपणा जाईल." त्यांस माझें उत्तर असें कीं, सडणें हा अस्सलपणा नव्हे. ज्या कारागिरानें तें अस्तर प्रथम बसविलें, त्यानें तें धडधाकट बसविलें होतें. त्याचा मान राखावयाचा तर जुनें मुळापासून काढावें, उघडा पत्रा निरखावा, तेल कोठून गळतें तें शोधावें, उघड्या इंजिनाचा आवाज एकवार कान देऊन ऐकावा, आणि मगच न पेटणारें नवें अस्तर लावावें.

परंतु काढावें कसें, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. इंजिन पूर्ण थंड असावें, बॅटरीची तार सोडलेली असावी, पंख्याचें व कार्ब्युरेटरचें तोंड कापडानें झांकलेलें असावें. लोखंडी पात्याऐवजीं लांकडी पट्टीनें खरवडावें, म्हणजे पत्र्यावर ओरखडे पडत नाहींत. सर्वांत मोठी गोष्ट ही कीं, कांहीं जुन्या गाड्यांतून उष्णता अडविण्यासाठीं ॲस्बेस्टॉस वापरलेला असे, व तो नुसत्या डोळ्यांनीं ओळखूं येत नाहीं. शंका आल्यास हात आवरावा व प्रथम प्रयोगशाळेंत परीक्षा करवावी. असलें अस्तर कोरडें खरवडणें किंवा हवेच्या झोतानें उडविणें म्हणजे स्वतःच्या हातानें विष उधळणें होय. त्याचे सूक्ष्म तंतु फुप्फुसांत रुततात, आणि त्यांपासून होणारा कर्करोग दहा-वीस नव्हे, तीस-चाळीस वर्षांनींही डोकें वर काढतो.

आपल्या भागास छातीच्या रोगांची ओळख करून द्यावयास नको. डॉ. वानलेस यांनीं १८९४ सालीं मिरजेस मिशनचें इस्पितळ उघडलें; पुढें वानलेसवाडीस क्षयरोग्यांसाठीं आरोग्यधाम उभें राहिलें. एकेका श्वासासाठीं जेथें इतकी सेवा खर्ची पडली, तेथें एका हौसेच्या मोटारीपायीं कोवळीं फुप्फुसें पणास लावावीं काय?

कोवळीं म्हणण्याचें कारण असें कीं, अंग चोरून कप्प्यांत शिरण्याचें आणि भुगा खरवडण्याचें काम गॅरेजांतून बहुधा सर्वांत लहान पोराच्या वांट्यास येतें. त्याच्या तोंडावर फडकेंही नसतें. आणि साध्या फडक्यानें हे तंतु अडतही नाहींत. १९८६ चा बालकामगार कायदा व त्यांतील २०१६ ची दुरुस्ती यांनीं अठरा वर्षांखालील कोणासही धोक्याच्या कामाला लावण्यास मनाई केली आहे. पण गॅरेजाच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत कायद्यापेक्षां शेजारच्या माणसाचा डोळा लौकर पोहोंचतो.

विद्यार्थिमित्रांनो, सुटींत यंत्र शिकावयास अवश्य जा. हात काळे होण्यांत लाज नाहीं. पण जुन्या अस्तराची धूळ उडूं लागली तर "हें काम मी करणार नाहीं" असें नम्रपणें सांगून बाहेर या. आणि पालकांनो, मुलगा घरीं परतल्यावर आज काय शिकलास एवढेंच विचारूं नका; आज तुझ्या श्वासांत काय गेलें, हेंही विचारा. मोटारीचें अस्तर पुन्हां नवें बसवितां येतें. फुप्फुसांचें तसें नाहीं.