नोकरी लावणारे आणि नोकरी टिकविणारे

बेकारास नोकरी लावून देणे हे पुण्यकर्म होय, ही समजूत आपल्या समाजात जुनी आहे. परंतु ते एक स्वतंत्र काम असून त्यास शिकून तयार झालेला, पगार घेणारा आणि केल्या कामाचा जाब देणारा मनुष्य लागतो, ही गोष्ट आपल्या शिष्ट वर्गास अद्याप पटलेली दिसत नाही. मामाने भाच्यास कोठे तरी चिकटवावे, गावच्या पुढाऱ्याने चिठ्ठी द्यावी, यापलीकडे आपली कल्पना जात नाही. सरकारने चिठ्ठीच्या जागी मेळावा आणला, इतकाच काय तो फरक. मांडव पडतो, भाषणे होतात, नियुक्तिपत्रे वाटली जातात, छायाचित्र निघते. सहा महिन्यांनी त्या छायाचित्रातील मुलगा कोठे आहे, हे विचारण्याची पद्धत नाही.

धाराशिव तालुक्यातील बेंबळी हे गाव उदाहरणादाखल घेऊ. ते अगदी खेडे नव्हे आणि शहर तर नव्हेच. भोवती काळी जमीन. सोयाबीन निघाले की पुढचे सारे पावसाच्या कृपेवर. घरोघर एक तरी बारावी झालेला अथवा पदवी घेतलेला मुलगा आढळेल, आणि बापाच्या चार एकरांत त्यास पुरेल इतके काम नाही हे बापासही ठाऊक असते. सरकारी यादीत हा जिल्हा 2018 साली ‘आकांक्षित’ ठरला. मागासलेल्यास आकांक्षित म्हणावे, ही आमच्या काळाची सभ्यता होय. इंग्रजी हद्दीत 1945 साली सैन्यातून सुटलेल्या शिपायांकरिता रोजगार विनिमय केंद्रे निघाली, तेव्हा हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. पुढे केंद्रे आली ती नावनोंदणीचे कार्ड देण्यापुरती. ते कार्ड जपून ठेवणारी एक सबंध पिढी आता म्हातारी झाली आहे.

‘मुलांना कष्ट नकोत’ हे वाक्य मध्यमवर्गीय दिवाणखान्यांतून इतक्या सहजतेने उच्चारिले जाते की, त्यास पुरावा लागतो याचेच विस्मरण पडावे. या आरोपाने आमचा संताप होतो. पोलीसभरतीच्या सोळाशे मीटर धावण्यासाठी पहाटेच्या काळोखात डांबरी सडकेवर वर्षानुवर्षे पळणारी मुले ज्याने पाहिली आहेत, तो त्यांस आळशी म्हणणार नाही. ती पळतात, कारण त्यांच्या दृष्टीस पडलेली टिकाऊ नोकरी ती एवढीच! चाकणच्या कारखान्यातून चौथ्या महिन्यात परत आलेला शेजारी त्यांनी पाहिलेला असतो; भरती होऊन परत आलेला शिपाई त्यांनी पाहिलेला नसतो. हा आळस नव्हे, हा हिशेब आहे.

तो शेजारी का परतला, याचा विचार मात्र कोणी केला नाही. पगार पंधरा हजार सांगितलेला असतो. समजा, त्यातून कापाकापी होऊन तेरा हातात आले. खोलीचा वाटा अडीच, खानावळ साडेतीन, येण्याजाण्याचे एक. घरी पाठवावयास सहा उरतात, ते पहिल्या महिन्यात खोलीच्या अनामत रकमेत जातात. आधार कार्डावर एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे असल्यामुळे भविष्यनिर्वाह निधीचे खाते अडते. रात्रपाळीत मुकादम तोंडाला येईल ते बोलतो. इतक्यात मृग लागतो, आणि पेरणीस माणूस नाही असा बापाचा निरोप येतो. मुलगा आठ दिवसांकरिता म्हणून येतो तो राहतोच. यांपैकी एकही अडचण असाध्य नाही. दाखल्यावरील नाव निघण्यापूर्वी दुरुस्त करून घेता आले असते. पहिल्या दोन महिन्यांची तजवीज करता आली असती. पेरणीची रजा रुजू होण्याच्या दिवशीच बोलून ठेवता आली असती. बापाशी कोणी अर्धा तास ओट्यावर बसून बोलले असते, तर निरोपच निराळा गेला असता. मुलीच्या बाबतीत तर आईशी, आणि लग्न झालेले असल्यास सासूशी बोलल्यावाचून पाऊल पुढे पडत नाही. हे जो करतो तो रोजगार-मार्गदर्शक. मुलाखतीत हात कसा मिळवावा हे शिकविणारा तो हा नव्हे. ते काम आरसाही करू शकेल.

या व्यवसायास परदेशांत शतकाहून अधिक काळ लोटला. अमेरिकेत बोस्टन येथे फ्रँक पार्सन्स याने 1908 साली व्यवसायनिवडीचे कार्यालय काढले. इंग्लंडात 1909 च्या कायद्याने श्रमविनिमयगृहे आली. परंतु वाचकांनी लक्ष द्यावे असे आम्हांस वाटते ते ऑस्ट्रियातील मारिएनथाल या छोट्या गावाकडे. तेथील कापडगिरणी बंद पडून अवघे गाव बेकार झाले, तेव्हा मारी याहोडा आणि तिचे सहकारी यांनी त्या गावाचा अभ्यास केला. 1933 साली तो प्रसिद्ध झाला. मोकळा वेळ हाती आल्यावर लोक अधिक वाचतील, अधिक बोलतील, अशी अपेक्षा होती. घडले ते उलट. वाचनालयातून पुस्तके नेणे घटले, पुरुषांची चालसुद्धा मंदावली, आणि दिवसभर काय केले हे त्यांस सांगता येईना. बेकारीने पोटाबरोबर मनुष्याचा काळही खाऊन टाकला. बेंबळीच्या स्टँडवर दुपारी बसलेला तरुण ‘चाललंय’ असे उत्तर देतो, तेव्हा त्या एका शब्दात आम्हांस मारिएनथालचा सगळा अहवाल ऐकू येतो.

मुळात नोकऱ्याच नाहीत, तेथे मार्गदर्शक काय आकाशातून जागा पाडणार, असा एक आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. मार्गदर्शक जागा निर्माण करीत नाही, हे खरेच. मराठवाड्यात कारखाने का आले नाहीत, पाणी कोठे गेले, हे प्रश्न त्याच्या आवाक्याबाहेरचे आहेत आणि ते विधिमंडळासच विचारले पाहिजेत. पण आक्षेपकांनी एका गोष्टीचा विचार करावा. पुण्याजवळच्या कारखान्यातील एकच जागा वर्षात तीन वेळा रिकामी होते आणि तीन निराळ्या मुलांनी भरली जाते. मेळाव्याच्या वहीत त्या तीन नोकऱ्या होतात. मुलांच्या घरी त्या तीन माघारी होतात. दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने 2014 साली निघालेल्या ग्रामीण कौशल्य योजनेत शिकविलेल्यांपैकी शेकडा सत्तरांस काम मिळाले पाहिजे असा दंडक ठेविला, ही चांगली गोष्ट होती. परंतु तीन महिने टिकला की काम ‘मिळाले’ असे धरावयाचे ठरले. जेथे चौथ्या महिन्यात घर गाठले जाते तेथे तीन महिन्यांचे माप लावणे, म्हणजे पूर ओसरल्यावर नदी मोजण्यासारखे आहे. 2024 सालच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेने बारावी झालेल्यास सहा हजार आणि पदवीधरास दहा हजार विद्यावेतन देऊ केले. मुदत सहा महिने, ती पुढे अकरा झाली. मुदत संपताच तीच मुले ‘आम्हांस कायम करा’ म्हणून रस्त्यावर आली. त्यांस हसणारे पुष्कळ निघाले. कामाची चव दाखवून ताट ओढून घेणाऱ्यास कोणी हसले नाही.

आपल्या राज्यास या विषयात लाज वाटावी असा इतिहास नाही, उलट अभिमान वाटावा असा आहे. वि. स. पागे यांच्या आग्रहाने रोजगार हमी उभी राहिली, 1972 च्या दुष्काळात तिने घरे जगविली, आणि मागेल त्यास काम हा 1979 पासून कायद्याने हक्क झाला. तिच्या खर्चासाठी 1975 साली व्यवसायकर बसविला. प्रस्तुत मासिकाच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या पगारातून तो दरमहा कापला गेला असेल. तेव्हा ‘आमचा यात काय संबंध’ असे म्हणण्याची सोय त्यांस उरत नाही. त्या कराने बापास खडी फोडण्याचे काम दिले. आता त्याचा मुलगा पदवी घेऊन दारात उभा आहे, आणि त्यास खडी फोडावयास सांगणे जितके निरर्थक, तितकेच एक पत्र हातात देऊन पुण्याच्या गाडीत बसविणे निरर्थक आहे.

आमची मागणी लहान आहे. बेंबळीएवढ्या प्रत्येक गावी एक मार्गदर्शक असावा. त्याच्याकडे सोपविलेली माणसे मोजकी असावीत, म्हणजे त्यांची घरे त्यास ठाऊक राहतील. ज्या कारखान्यात तो मुलगा पाठवितो तो त्याने आधी स्वतः पाहिलेला असावा. पहिल्या पगाराच्या दिवशी, पहिल्या आजारपणात, पहिल्या भांडणात आणि मृगाच्या आठवड्यात त्याने मुलाची चौकशी करावी, आणि त्याचे यश बाराव्या महिन्याच्या अखेरीस मोजावे. एवढ्यासाठी फार मोठी इमारत लागत नाही. ग्रामपंचायतीतील एक खोली आणि एक दूरध्वनी पुरेल.

आज मात्र हे काम जे थोडेफार करतात, ते बहुधा कोणत्या तरी प्रकल्पाचे कंत्राटी नोकर असतात. प्रकल्प संपला की त्यांची वही बंद होते आणि तेही अर्ज घेऊन हिंडू लागतात. दुसऱ्यास टिकाऊ नोकरी मिळवून देण्याचे काम आपण अशा माणसाकडे सोपविले आहे, की ज्याची स्वतःची नोकरी दिवाळीपर्यंत राहील की नाही हे त्यास ठाऊक नाही. अकरा महिन्यांच्या करारावर नेमलेल्या मनुष्याने बाराव्या महिन्याचा हिशेब द्यावयाचा तो कसा, याचे उत्तर योजना आखणाऱ्यांनीच द्यावे.