कबूल केलं ना, मग अपील कसलं?

असं विचारणाऱ्यांनी ब्रिटनच्या पोस्टाचं प्रकरण जरूर वाचावं. होरायझन या संगणकप्रणालीने नसलेली तूट दाखवली. हिशेब जुळल्याशिवाय पुढचा हप्ता सुरू होईना, म्हणून हॅम्पशायरच्या खेड्यात पोस्ट चालवणाऱ्या जो हॅमिल्टनबाईंनी आकडे जुळवून सही केली. पुढे खटल्यात खोट्या हिशेबाचा गुन्हा कबूलही केला. का, तर चोरीचा आरोप मागे घेतात म्हणून! चोरी मुळात झालीच नव्हती. २०२१ साली अपील न्यायालयाने ३९ जणांची दोषसिद्धी रद्द केली, त्यांत या बाईही होत्या.

आणि आपल्याकडे? २०२३च्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही कबुलीनंतरचं अपील फार तर शिक्षा किती आणि कायदेशीर की नाही, एवढ्यापुरतंच. मग घाबरून 'हो' म्हणालेल्या एखाद्या कारकुनाने 'मी निर्दोष आहे' हे अपिलात सांगायचं तरी कसं?