थंडी नव्हे, गाडीचं बसून राहणं

नोव्हेंबर लागला की बेंगळुरूतल्या मराठी घरांत एक ठरलेला सल्ला येऊन पोचतो. मुलीकडे मेलबर्नला किंवा लग्नसराईसाठी गावाकडे दोन-तीन महिने जायचं असतं, शिवाजीनगरातली गाडी मागे राहणार असते. टोरोंटोचा भाचा फोनवर बजावतो: मामा, कूलंटमध्ये अँटिफ्रीझ किती आहे बघा, गाडी जॅकवर चढवा, वरून जाड कव्हर घाला. भाचा खोटं सांगत नाही, पण तो टोरोंटोचं सांगतो. तिथं पारा उणे वीसवर जातो. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि इंजिनाचा ब्लॉक तडकू शकतो. रस्त्यावर टाकलेलं मीठ गाडीचा तळ खातं. शेजारच्या क्विबेक प्रांतात तर १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानंच सक्तीचे आहेत.

आता आपलं बघा. बेंगळुरूत नोंदलं गेलेलं सर्वांत कमी तापमान ७.८ अंश सेल्सियस, आणि ती नोंद १३ जानेवारी १८८४ची. कार्ल बेंझनं आपल्या मोटारीच्या पेटंटचा अर्ज केला तो १८८६ साली. म्हणजे त्याहून गार रात्र या शहरात एकाही मोटारीनं काढलेली नाही. कूलंट काढून टाका असं मी म्हणत नाही. त्यातली रसायनं इंजिनाला आतून गंजू देत नाहीत, ते असू द्या. पण गोठण्याच्या भीतीनं इथं एक रुपयाही खर्च करू नये. उलट थंडी उभ्या गाडीला मानवते. शिशाच्या बॅटरीचा आपोआप होणारा ऱ्हास उन्हाळ्यात जास्त, थंडीत कमी.

मग बॅटरी मरते कशानं? गाडी बंद असली तरी अलार्म, घड्याळ, संगणक थोडा थोडा विद्युतप्रवाह पीत असतात. तो ५० मिलीअँपिअर धरला तर दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात. छोट्या गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी त्या हिशेबानं महिन्याभरात रिकामी. रिकामी पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचे कडक स्फटिक धरतात आणि पुढं कितीही चार्ज केली तरी ती पूर्वीसारखी होत नाही. २०२०च्या लॉकडाऊननंतर गल्लोगल्ली बॅटरीवाल्यांचा धंदा झाला तो मार्च ते जूनच्या उकाड्यात. तेव्हा थंडी कुठं होती?

टोरोंटोचा पक्ष असा निकालात निघतो. गल्लीतला पक्ष मात्र चिवट आहे. त्याचं म्हणणं, वॉचमनकडे किल्ली द्या, तो दर रविवारी पाच मिनिटं गाडी स्टार्ट करेल. या सल्ल्यात थोडं तथ्य आहे: तेल फिरतं, पट्टे हलतात. पण किंमत कुणी मोजत नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून साधारण एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन नीट तापलं तर ते वाफ होऊन निघून जातं. पाच मिनिटांत सायलेन्सर नीट तापत नाही. पाणी तिथंच साचतं आणि आतून गंज चढवतं. काही इंजिनाच्या तेलातही उतरतं. शिवाय स्टार्टरनं एका झटक्यात ओढलेली वीज जागेवर गुरगुरणारं इंजिन पाच मिनिटांत पुरती भरून देईलच असं नाही. चाकं तर इंचभरही हललेली नसतात. म्हणजे गाडी चालवल्याचं समाधान वॉचमनला आणि मालकाला, गाडीला काहीच नाही.

कव्हरचंही तसंच. शिवाजीनगरात घारी आणि कबुतरं भरपूर, त्यांची विष्ठा रंगात खड्डे पाडते, त्यामुळे झाकण्याची इच्छा समजू शकते. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात ओली झालेली गाडी प्लास्टिकखाली कोंडली तर पुढचे सगळे कोरडे महिने ती ओलच अंगावर बाळगते. हवा खेळणारं कापडी कव्हर, तेही धुऊन वाळवलेल्या गाडीवर आणि छपराखाली, एवढंच मान्य. रस्त्यावर वाऱ्यानं फडफडणारं कव्हर धुळीसकट रंगावर पॉलिश पेपर फिरवत राहतं.

उंदरांचा मुद्दा इथं जरा मोठा आहे. १९२७ सालच्या रसेल मार्केटच्या आसपास भाजी, फळं, मांस, मासळी, कचरा, सगळं आहे. उंदीर नसते तरच नवल. त्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, कुरतडणं त्यांना भागच असतं. लोक डांबराच्या गोळ्या टाकतात, तंबाखूची पानं ठेवतात. गोळ्या उडून जातात आणि पानांचा वास उतरतो. उंदराला अंधारी, निवांत जागा हवी असते. बॉनेट उघडं ठेवलं, आसपास कुणी वावरलं तर तिथं घर करायला तो कचरतो. हे छपराखाली, ओळखीच्या आवारातच जमतं. गल्लीत बॉनेट उघडं ठेवलंत तर दुसऱ्या दिवशी त्यातले भाग शेजारच्याच सुट्या भागांच्या बाजारात असतील, असं मी गमतीनंही म्हणू नये; पण शिवाजीनगरकर हसतीलच.

गल्लीवरून आठवलं. ‘आपल्या दारापुढं तर आहे’ हा युक्तिवाद मला मुळीच मान्य नाही. मोटार वाहन कायद्याचं १२७ वं कलम सांगतं की सार्वजनिक जागी दहा तास किंवा अधिक काळ बेवारस सोडलेलं वाहन उचलायला गणवेशातला पोलीस अधिकारी परवानगी देऊ शकतो. दहा तास! आपण तीन महिन्यांच्या गोष्टी करतो. रुग्णवाहिका ज्या बोळातून जेमतेम वळते तो म्हणजे आपलं गोदाम नव्हे.

तर माझं म्हणणं सरळ आहे: गाडी सांभाळायची तर ती कुणीतरी चालवावी. किल्ली वॉचमनला नको, लायसन्स असलेल्या विश्वासू माणसाला द्या. दहा-पंधरा दिवसांतून एकदा सकाळी साडेसहाला मेहकरी सर्कलवरून हेब्बाळपर्यंत नेऊन आणली की इंजिन तापतं, ब्रेक घासून स्वच्छ होतात, टायर एकाच बाजूवर बसत नाहीत. ‘दुसऱ्याच्या हाती गाडी द्यायची?’ असं विचारतात. खासगी गाडीची सर्वंकष विमा पॉलिसी साधारणपणे मालकाच्या संमतीनं चालवणाऱ्या वैध लायसन्सधारकालाही लागू असते. ओरखड्याची भीती खरी आहे, पण ओरखडा पुसता येतो, मेलेली बॅटरी आणि कुरतडलेली वायरिंग नाही.

असं कुणीच नसेल तर मात्र छपराखालची जागा भाड्यानं घ्या. बॅटरीचं ऋण टोक सोडा. त्याआधी दारं कशी लागणार ते बघा, कारण रिमोट चालणार नाही, किल्लीच फिरवावी लागेल. हँडब्रेक ओढू नका, मागचे ब्रेक चिकटून बसतात. पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना विटा लावा. टायरमध्ये तीन-चार पीएसआय हवा जास्त भरा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढतं, म्हणून टाकी भरलेली बरी. आणि पॉलिसीची तारीख परतीच्या तिकिटाशी ताडून पाहा. ती संपून ९० दिवस उलटले तर इतक्या वर्षांचा नो क्लेम बोनस जातो.