विश्लेषण : प्राचार्यांच्या कार्यशैलीचा प्राध्यापकांच्या कामगिरीशी संबंध काय?

अनुदानित महाविद्यालयात प्राध्यापकांचे वेतन सरकार देते आणि पदोन्नतीचे निकष विद्यापीठ अनुदान आयोग (यूजीसी) ठरवतो. मग प्राचार्यांच्या हाती उरते काय? वेळापत्रक, समित्या आणि सही. पण तेवढ्यानेही बराच फरक पडतो.

मूल्यमापन कसे होते?

यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीनुसार नेमून दिलेल्या तासिकांपैकी ८० टक्के वा अधिक घेतल्यास ‘चांगला’ शेरा मिळतो, ७० ते ८० टक्क्यांदरम्यान ‘समाधानकारक’ आणि त्याखाली ‘असमाधानकारक’. शिवाय परीक्षेचे काम, प्रशासकीय जबाबदारी, विद्यार्थी उपक्रम, संशोधन अशा कामांचा हिशेब वेगळा. त्यांपैकी किमान ३ उपक्रमांत सहभाग असला की शेरा ‘चांगला’. तासिका घेतली की नाही हे यातून कळते, ती कशी घेतली हे कळत नाही.

नेतृत्वाचा प्रश्न येतो कुठे?

समित्यांची वाटणी बहुतेक ठिकाणी प्राचार्यच करतात. मर्जीतल्यांना नावापुरत्या समित्या आणि बाकीच्यांना परीक्षेची धावपळ असे झाले, तरी कागदावर दोघेही ‘चांगले’च. अमेरिकी अभ्यासक जेम्स मॅकग्रेगर बर्न्स यांनी १९७८मध्ये नेतृत्वाचे दोन प्रकार सांगितले : देवाणघेवाणीचे आणि परिवर्तन घडवणारे. आपली पदोन्नतीची पद्धत पहिल्या प्रकारात चपखल बसते. अमुक कागद द्या, तमुक शेरा घ्या. नव्या अभ्यासक्रमासाठी तयारीला वेळ देणे किंवा संशोधन करणाऱ्याचे वेळापत्रक सलग लावून देणे ही दुसऱ्या प्रकारची कामे. त्यांचे गुण प्राचार्यांना कोणी देत नाही.

तासिका तत्त्वावरील शिक्षकांचे काय?

त्यांना पदोन्नतीची ही योजनाच लागू नाही. पुढच्या वर्षी नेमणूक होईल का, हीच चिंता. त्यामुळे वर्गात चांगले शिकवण्याइतकेच वरिष्ठांना न दुखावणे महत्त्वाचे ठरते. नेतृत्वाच्या शैलीची सर्वाधिक झळ त्यांनाच बसते आणि तिची नोंद कुठेच होत नाही.

प्राचार्यांचे मूल्यमापन होते का?

त्यांची मुदत ५ वर्षांची. दुसरी मुदत बाहेरील तज्ज्ञांच्या मूल्यमापनानंतरच मिळते. मात्र पद रिक्त राहिले की कारभार प्रभारींकडे जातो. उद्या पुन्हा त्याच स्टाफरूममध्ये बसायचे असल्याने सहकाऱ्याच्या अहवालावर ‘असमाधानकारक’ लिहायला त्यांचा हात सहसा धजावत नाही.